भरलेली बॅटरी आणि चांगली बॅटरी

(प्रस्तावना)

इन्व्हर्टरची बॅटरी दुकानात तपासायला नेली की पुढचं सगळं बहुधा ठरलेलं असतं. दुकानदार मल्टिमीटरची लाल वायर एका टर्मिनलला, काळी दुसऱ्याला टेकवतो, पडद्यावर १२.६ उमटतं आणि तो सांगतो, ‘‘बॅटरी एकदम ओके आहे, इन्व्हर्टर बघा.’’ इन्व्हर्टरवाला म्हणतो, ‘‘इन्व्हर्टरमध्ये काही नाही, बॅटरी बघा.’’ रात्री वीज जाते आणि पंखा वीस मिनिटांत थांबतो. दोघांपैकी खोटं कुणीच बोललेलं नसतं, मीटरही बरोबरच असतो. बॅटरी भरलेली आहे का, एवढंच त्याला विचारलं गेलेलं असतं. बॅटरी चांगली आहे का, हा प्रश्न निराळा आहे आणि तो कुणी विचारलेलाच नसतो.

हे सगळं पुस्तक त्या एका फरकावर उभं आहे, म्हणून तो आधी मांडतो. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या कुठल्याही बॅटरीबद्दल तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. आत्ता तिच्यात किती चार्ज आहे, ही पहिली. पूर्ण भरल्यावर एकूण किती मावतो, ही दुसरी. हिला क्षमता म्हणतात आणि ती अँपिअर-तासात, बाजारच्या बोलीत ‘एएच’मध्ये, सांगतात. मावलेला चार्ज ती किती जोराने बाहेर देऊ शकते, ही तिसरी. ती अंतर्गत रोधावरून कळते. नव्या बॅटरीत तिन्ही एकमेकींच्या जोडीनं चालतात, त्यामुळे एक मोजून भागतं. बॅटरी जुनी झाली की त्यांची फारकत होते. गाळ साचलेल्या विहिरीचं पाणी काठाशी दिसतं, पण मोटार लावली की अर्ध्या तासात तळ लागतो. जुन्या बॅटरीचं तसंच आहे. व्होल्टमीटर पाण्याची पातळी सांगतो. गाळ त्याला दिसत नाही.

हा गाळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १८५९ साली गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा भरता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी तयार केली. आपल्या इन्व्हर्टरमधलं रसायन आजही तेच आहे. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्ज करताना सल्फेट सुटतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. वर्षानुवर्षं ही ये-जा चालली की प्लेटांवरचा लेप सुटून खाली साचतो, धन प्लेटांची जाळी गंजते. कामाचा भाग कमी होतो, पण उरलेला भाग पूर्ण भरतो आणि पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दुकानात १२.६ दिसलं ते त्या उरलेल्या भागाचं.

याचा अर्थ व्होल्टेज मोजणं वाया गेलं असा नाही. ते केव्हा मोजायचं आणि कशाशी ताडायचं, हे कळलं पाहिजे. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज आकडा फुगवतो आणि तेरा व्होल्टही दिसतात. म्हणून बॅटरी चार-सहा तास, जमलं तर रात्रभर, मोकळी ठेवावी. गाडीच्या बॅटरीची घाई असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने मोजावं. एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो तक्त्यात. ‘१२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण’ असा एक तक्ता सगळीकडे फिरतो आणि लोक तो कुठल्याही बॅटरीला लावतात. तो थंड देशातल्या मोटारीच्या बॅटरीचा तक्ता आहे. तिथे ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.२८०च्या आसपास ठेवतात. आपल्याकडच्या ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरीत ॲसिड मुद्दाम पातळ, साधारण १.२४० इतकं, भरतात, कारण आपल्या उन्हाळ्यात दाट ॲसिड जाळी लवकर खातं. लेड-ॲसिड सेलचं स्थिर व्होल्टेज काढायचं ढोबळ सूत्र सोपं आहे : ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवायचे. १.२८०चे २.१२ होतात, बॅटरीतल्या सहा सेलचे १२.७२. आणि १.२४०चे २.०८ होतात, सहाचे १२.४८. म्हणजे घरातली नवीकोरी, पूर्ण भरलेली बॅटरी त्या तक्त्याप्रमाणे जेमतेम पाऊण भरलेली ठरते! मग मालक चार्जिंग वाढवतो, बॅटरीतलं पाणी उडवतो, जाळी गंजवतो आणि चांगली बॅटरी काळजीपोटी मारतो. आकडा खरा असला तरी तक्ता परका असेल तर असं होतं.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तो हायड्रोमीटरकडे आहे. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा तराफा. शे-दोनशे रुपयांची ही वस्तू बॅटरीच्या पोटातलं जेवढं सांगते तेवढं महागडी यंत्रंही नेहमी सांगत नाहीत. मल्टिमीटर सहा सेलची बेरीज दाखवतो. हायड्रोमीटर प्रत्येक सेलची साक्ष वेगळी घेतो. पाच सेल १.२३५ दाखवतात आणि सहावा १.१७० वर अडकलेला असतो, तेव्हा दोष कुठे आहे हे शोधायला आणखी काही लागत नाही. दोन सेलमध्ये ०.०५० हून जास्त फरक असला तर खालचा सेल संशयित, हा कारागिरांचा जुना नियम आहे. सगळेच सेल खाली असतील आणि भरपूर चार्जिंग करूनही ग्रॅव्हिटी चढत नसेल, तर बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून होती असं समजावं. सल्फेटचे स्फटिक कडक झालेले असतात आणि ॲसिडातला गंधक त्यांच्यात अडकलेला असतो.

हायड्रोमीटर वापरताना दोन पथ्यं पाळावी लागतात. डिस्टिल्ड वॉटर टाकल्यावर लगेच रीडिंग घेऊ नये. पाणी हलकं असल्याने वरच राहतं आणि आपण फक्त वरचा थर मोजतो. दुसरं पथ्य तापमानाचं. आपल्याकडे ग्रॅव्हिटी २७ अंश सेल्सिअसला धरतात आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला रीडिंग सुमारे ०.०००७ ने कमी दिसतं. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरच्या एखाद्या गॅरेजात ॲसिड ४२ अंशांवर असेल, तर पंधरा अंशांचे ०.०१०५ होतात. १.२४०ची बॅटरी १.२३० दाखवते. ही घट खोटी असते आणि थर्मामीटर लावल्याशिवाय ती ओळखता येत नाही. बंद, पाणी न घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालायची सोयच नसते. तिच्या झाकणावर हिरवा डोळा असतो, त्यावर लोकांचा भारी विश्वास. तो डोळाही एक छोटा हायड्रोमीटरच आहे, पण सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला. बाकीच्या पाच सेलमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

आता पुन्हा मल्टिमीटरकडे येतो. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याला टेलिफोनच्या सर्किटांसाठी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी वेगवेगळी यंत्रं बाळगावी लागत. त्या तिन्हींना एका पेटीत आणून त्याने केलेला ‘एव्हो’ मीटर १९२३ साली बाजारात आला. नाव तिन्ही एककांच्या आद्याक्षरांचं. आपल्याकडे नाशिक रोडची मोटवाने कंपनी मल्टिमीटर बनवते आणि रेल्वेत, वीज खात्यात काम केलेल्या अनेकांचा हात तिच्या काट्याच्या मीटरवर बसलेला आहे. काट्याचा मीटर बॅटरीकडून थोडा तरी प्रवाह घेई. आजच्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीकडून तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर घेतो. मोजमाप म्हणून हे उत्तमच. पण एवढंसं काम करून घेऊन बॅटरीच्या ताकदीचा निकाल द्यायचा, हे काही खरं नाही.

म्हणून लोड. गॅरेजमध्ये जाड चिमटे, वर मीटर आणि तापून लाल होणारी पट्टी असा लोड टेस्टर असतो. मोटारीच्या बॅटरीवर थंडीत स्टार्टर फिरवायचे जे अँपिअर छापलेले असतात, त्याच्या निम्मा लोड पंधरा सेकंद द्यायचा आणि व्होल्टेज ९.६च्या खाली जातं का ते पाहायचं, ही त्याची प्रचलित पद्धत. गेलं तर बॅटरी सकाळी गाडी चालू करणार नाही, मग मोकळं व्होल्टेज काही का असेना. बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी, नाही तर ही परीक्षा अन्यायाची होते. दुकानदाराकडून कुठली एकच चाचणी मागून घ्यायची असेल तर मी ही मागेन.

लोड दिल्यावर व्होल्टेज का पडतं, याचं उत्तर म्हणजे अंतर्गत रोध. तो घरीही काढता येतो. बॅटरी १२.६० दाखवते, १० अँपिअरचा लोड लावला की १२.४८ दाखवते. फरक ०.१२, त्याला दहाने भागा : ०.०१२ ओहम, म्हणजे १२ मिलिओहम. मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर बटण फिरवून हे मोजायला जाऊ नका. मीटर बिघडेल, आणि न बिघडला तरी त्याच्या वायरींचाच रोध शंभर-दोनशे मिलिओहम असतो. त्यात बॅटरीचे बारा कुठे सापडणार? ही अडचण लॉर्ड केल्विनने एकोणिसाव्या शतकातच सोडवून ठेवली आहे. दोन वायरींतून प्रवाह पाठवायचा आणि वेगळ्या दोन वायरींनी व्होल्टेज वाचायचं. वाचणाऱ्या वायरींतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांचा रोध हिशेबात येत नाही. आज बाजारात मिळणारे अंतर्गत रोधाचे मीटर याच चार वायरींच्या युक्तीवर चालतात. ते बहुधा एक किलोहर्ट्झचा अगदी छोटा एसी प्रवाह देतात, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्या लोडच्या पद्धतीपेक्षा कमी येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. एकाच पद्धतीने दर सहा महिन्यांनी घेतलेले आकडे एकाखाली एक लिहिले, तर बॅटरी कुठल्या दिशेला चालली आहे ते स्पष्ट दिसतं.

आता क्षमता. इथे कुठलंही यंत्र घड्याळाची जागा घेऊ शकत नाही. दोन मिनिटांत ‘हेल्थ ७८ टक्के’ असा आकडा छापून देणारी यंत्रं अंतर्गत रोधावरून किंवा वाहकतेवरून अंदाज बांधतात. हजार बॅटऱ्यांतून संशयित पन्नास निवडायला तो अंदाज फार उपयोगी आहे, पण एका बॅटरीचा निवाडा त्यावर करू नये. खरी क्षमता मोजायची तर बॅटरी पूर्ण भरायची, ठरलेल्या प्रवाहाने ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत रिकामी करायची आणि किती तास लागले ते पाहायचं. १५० एएच हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या हिशेबाने छापलेला असतो, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. हीच बॅटरी ६० अँपिअरने वापरली तर अडीच तास चालेल असं साधा भागाकार सांगतो. ती चालत नाही. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली याचं सूत्र दिलं. त्यातला घातांक १.२ धरला तर उत्तर सुमारे एक तास चाळीस मिनिटं येतं. ‘कंपनीने फसवलं’ ही तक्रार करण्याआधी कुठल्या प्रवाहाला मोजलं ते पाहावं. आणि हौशी लोकांच्या छोट्या चार्जरवर डिस्चार्जचं बटण असतं म्हणून त्यावर इन्व्हर्टरची बॅटरी लावू नये. त्यातल्या लोकप्रिय चार्जरांची डिस्चार्जची ताकद पाचेक वॅटची असते. १५० एएच रिकामे व्हायला पंधरा दिवस लागतील.

ही चाचणी कंटाळवाणी आहे म्हणून ती कुणी करत नाही असं समजू नका. विजेच्या सबस्टेशनात ११० व्होल्टची बॅटरी-बँक असते, साधारण ५५ सेलची. रोजच्या दिवशी ती काहीच करत नाही असं वाटतं. पण लाइनवर दोष येऊन स्टेशनचा एसी पुरवठा गेला की ब्रेकर ट्रिप करायला तिच्याशिवाय कुणी नसतं. त्या घडीला ती बसली तर नुकसान ट्रान्सफॉर्मरचं. म्हणून तिथे एक सेल ‘पायलट सेल’ ठरवून त्याची ग्रॅव्हिटी, व्होल्टेज, तापमान नियमित रजिस्टरात लिहायची पद्धत आहे, आणि ठरावीक काळाने सगळ्या बँकेची दहा तासांची डिस्चार्ज टेस्ट घेतात, दर तासाला प्रत्येक सेलचं रीडिंग. सुरुवातीला सगळे सेल सारखे दिसतात. शेवटच्या एक-दोन तासांत दुबळे सेल रांगेतून बाहेर पडतात. चार बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या ४८ व्होल्टच्या ई-रिक्षातही हेच घडतं, आणि चालकाला चारही बॅटऱ्या बदलायला सांगितलं जातं. लोडवर असताना चौघींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजलं तर दोषी एकच आहे हे अनेकदा दिसून येतं. जुन्या तिघींबरोबर नवी एक बसवणं शहाणपणाचं आहे का, हा वेगळा वाद आहे. पुस्तकात तो एका प्रकरणात आहे.

लिथियमच्या बाबतीत हायड्रोमीटरची सोय नाही आणि व्होल्टेजही कमी बोलकं आहे. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन सेल बाजारात आणला, त्या जातीचा आजचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि उतरताना निदान खाली तरी येत जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल मात्र वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जेमतेम ०.१ व्होल्ट हलतो. त्याचा चार्ज व्होल्टेजवरून सांगणं म्हणजे पुडी सोडणं. म्हणून बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिची देखरेख करणारं सर्किट, आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत, त्याची बेरीज-वजाबाकी ठेवत बसतं. लहानसहान चुका त्या बेरजेत साठत जातात. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर विकत घेणाऱ्याने पडद्यावरचा ‘हेल्थ’चा आकडा हा हिशेब म्हणून वाचावा आणि पूर्ण चार्जवर स्कूटर किती किलोमीटर जाते ते स्वतः पाहावं.

सुट्या १८६५० सेलचा धंदा तर वेगळाच आहे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या आकारातले उत्तम सेल साधारण ३५००-३६०० मिलिअँपिअर-तासांच्या घरात असतात. तरीही ९९०० छापलेले सेल राजरोस विकले जातात. त्यांना पकडायला पहिलं यंत्र स्वयंपाकघरातला वजनकाटा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस ग्रॅमचा सेल हातात आला तर पुढची चाचणी करायची गरज नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत खरेदीला जाताना खिशात छोटा काटा असावा, हे मी गमतीनं म्हणत नाही.

लिथियमची चाचणी करताना काही गोष्टी करायच्याच नाहीत. फुगलेला सेल मोजायचा नाही, बाजूला काढायचा. बराच काळ दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल ‘जिवंत’ करायचा नाही. त्या अवस्थेत आतलं तांबं विरघळलेलं असतं, चार्ज केल्यावर ते नको तिथे जमतं आणि सेल आतून शॉर्ट होतो. २०२२ साली इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्या, त्यातली एक पुण्यात. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या होऊन बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, आणि अशा चाचण्या पुण्यातच एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत होतात. मूळ पॅकची झालेली ती परीक्षा गल्लीत उघडून पुन्हा जोडलेल्या पॅकला लागू राहत नाही, एवढं लक्षात ठेवावं. लेड-ॲसिडचा धोका निराळा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा ठिणगी नको. हातातली अंगठी, कडं काढून ठेवावं. आणि सगळ्यात जास्त घडणारा अपघात : प्रवाह मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते आणि माणूस व्होल्टेज बघायला बॅटरीला टेकवतो. तो सरळ शॉर्ट असतो.

या पुस्तकात प्रयोगशाळेतल्या इम्पिडन्स स्पेक्ट्रोस्कोपीवर एकच छोटं टिपण आहे, कारण ते यंत्र वाचकाच्या हाती येण्याची शक्यता कमी. भर आहे तो साधा मल्टिमीटर, हायड्रोमीटर, थर्मामीटर, वायरीभोवती पकडून डीसी प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर आणि घड्याळ यांवर. टाँग टेस्टर घेताना डीसी मोजतो ना, हे विचारून घ्यावं. स्वस्तातले पुष्कळसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात. आणखी एक विनंती आहे. या पुस्तकातली कुठलीही चाचणी नव्या बॅटरीच्या पहिल्या आकड्यांशी ताडल्याशिवाय पुरी होत नाही, आणि ते आकडे नंतर कुठूनही मिळत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी बॅटरी घ्याल त्या आठवड्यातच तिचं स्थिर व्होल्टेज, सहाही सेलची ग्रॅव्हिटी, ॲसिडचं तापमान आणि ठरलेल्या लोडवरची घट मोजा, तारीख घाला आणि तो कागद वॉरंटी कार्डाला पिनने जोडून ठेवा.